अर्धं तोंड ड्यूटीवर

डॉक्टरांनी कॅन्सर आहे म्हणून सांगितलं तेव्हा मी हसले.

वेड लागलं होतं म्हणून नव्हे. इथे बहारिनमध्ये, हूऱ्यातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर मी इतकी वर्षं उभी राहिलेय की समोरचा माणूस इंग्रजीत काही वाईट सांगायला लागला की माझं तोंड आपोआप हसरं होतं. एसी चालत नाही, बाथरूममध्ये झुरळ निघालं, बॅग विमानतळावरच राहिली, कॅन्सर आहे. सगळ्यांना एकच तोंड. ओठ जरासे उघडे, कोपरे वर, मान किंचित तिरकी. "थँक यू, डॉक्टर," मी म्हणाले. वर "हॅव अ गुड डे" पण म्हणाले. शेजारी बसलेला विल्सन, माझा नवरा, माझ्याकडे बघतच राहिला. बाहेर आल्यावर त्याने हळूच विचारलं, "सेलीन, ते काय म्हणाले ते कळलं ना तुला?"

"कळलं की. मी काय बहिरी आहे?"

मग पाण्याच्या कूलरशेजारी खुर्ची होती तिच्यावर मी बसले आणि मला उठताच येईना. विल्सन माझी पर्स धरून उभा राहिला. येणारीजाणारी माणसं त्याच्या हातातल्या लाल पर्सकडे बघत होती आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

अशा लिखाणातून दुसऱ्याला धीर द्यायचा असतो म्हणतात. माझ्याकडे धीर फारसा शिल्लक नाही, आधीच सांगते. मी दमलेय. पण वरच्या जबड्याचं ऑपरेशन झालेल्या किंवा व्हायच्या असलेल्या कुणाला एक गोष्ट उपयोगी पडेल. मला ती कुणी सांगितली नव्हती. सांगणार तरी कोण, कुणाला ठाऊकच नव्हती.

*

सुरुवात हलणाऱ्या दाढेपासून झाली. डावीकडची, वरची. दातांच्या डॉक्टरने ती काढली, पण खड्डा काही भरून येईना. मी हळद लावली, मिठाच्या गुळण्या केल्या, वसईहून आईने फोनवर सांगितलं ते सगळं केलं. शेवटी तिथला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मग तो कूलरशेजारचा दिवस आला.

ऑपरेशनमध्ये वरच्या जबड्याचा डावा भाग, त्या बाजूचे दात आणि टाळूचा एक तुकडा काढला. तुम्ही पाणी पिता तेव्हा टाळू आहे म्हणून ते पोटात जातं. मी प्यायले की ते नाकातून यायचं. बोलले की निम्मा आवाज नाकातून निघून जायचा, हाती राहायची नुसती हवा. भोक बुजवायला एक तात्पुरती प्लेट दिली होती, ती दिवसभर सरकायची.

वॉर्डातले दिवस सगळे एकसारखे. पहाटे रक्तदाब, मग नळीतून पांढरं पातळ खाणं, मग डॉक्टरांचा घोळका, मग पुन्हा नळी. केरळची एक सिस्टर होती, ती खाण्याची बाटली आधी आपल्या दोन्ही हातांत धरून कोमट करायची. तसं करायची काही गरज नव्हती. नळीतून जाणाऱ्या खाण्याला ना चव ना काही. पण ती करायची आणि मला दर वेळी रडू यायचं. मी रडले की ती म्हणायची, "चेची, रोना नहीं, नाक बंद हो जाएगा." चेची म्हणजे ताई. आणि नाक खरंच बंद व्हायचं. आमच्या या दुखण्यात रडायची सुद्धा चोरी.

घरी आल्यावर तर आणखी कठीण. माझी मुलगी अ‍ॅनिसा सोळा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर देते इंग्रजीत. मी काही बोलायला गेले की ती घाईघाईने म्हणायची, "ममा, इट्स ओके, डोन्ट टॉक." प्रेमानेच म्हणायची, पण मला वाटायचं, बाई गं, मला गप्प बसवतेय. एकदा जेवताना पेज माझ्या नाकातून आली आणि ती ताट घेऊन खोलीत गेली. मग रोजच तिचा अभ्यास निघायला लागला, नेमका जेवणाच्या वेळी. विल्सन तिच्यावर ओरडला. मी विल्सनवर ओरडले, म्हणजे ओरडायला गेले आणि नाकातून वाफ सोडल्यासारखा आवाज आला.

विल्सनचंही काही सोपं नव्हतं. मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये दिवसभर उकाड्यात राबायचं, घरी येऊन मिक्सर लावायचा. कुठलीही भाजी दिली की तो तिचं एकच हिरवट पाणी करायचा. आणि दर थोड्या वेळाने, "दुखतंय का?" शेवटी एकदा मी पाटीवर लिहून दिलं, 'तू विचारतोस तेव्हा दुखतं.' तो खूप हसला. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला.

या सगळ्यात मला काय हवं होतं, सांगू? जगायचं होतं, ते तर झालंच. पण रोजच्या रोज, तासातासाला जे हवं होतं ते फार छोटं होतं. मला ओठ मिटून बसायचं होतं. डावीकडे हाड नाही, दात नाहीत, ओठ कशावर टेकणार? तोंड सारखं अर्धवट उघडं. एसीत घसा कोरडा पडायचा, उशी ओली व्हायची, लिफ्टमध्ये लोक बघून नजर वळवायचे. ओठाला ओठ लागून गप्प बसणं हे एवढं सुख आहे हे तुम्हाला कधी सुचलंय का? मलाही नव्हतं सुचलं.

*

दातांच्या डॉक्टर मरियम म्हणाल्या, जखम नीट भरली की कायमची प्लेट करू. भोक बुजेल, दात येतील, गालाला आधार मिळेल, ओठ मिटतील. "इंशाल्ला," त्या म्हणाल्या. मीही म्हणाले, इंशाल्ला. घरी येऊन पवित्र मरीयेपुढे मेणबत्ती पण लावली, म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त.

पूर्वी म्हणे तोंडावर ओला लगदा थापून चेहऱ्याचा साचा घ्यायचे. लगद्याच्या वजनाने गाल दबायचे आणि साचाच चुकायचा. आता स्कॅनर आहे. खुर्चीत बसायचं, समोर कॅमेऱ्यांचं यंत्र, पांढरा प्रकाश चेहऱ्यावरून फिरतो आणि पडद्यावर तुमचं डोकं उभं राहतं, राखाडी रंगाचं, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येणारं. केसाएवढा फरकसुद्धा पकडतं, डॉक्टर कौतुकाने सांगत होत्या. मग माझ्या चांगल्या, उजव्या गालाचा आकार कॉम्प्युटरवर उलटा करून डावीकडे ठेवायचा आणि त्या मापाने प्लेटचा डावा भाग भरायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या.

"रिलॅक्स युअर फेस, मॅडम," स्कॅन करणारा मुलगा म्हणाला.

मी रिलॅक्स झाले. खात्रीसाठी तीन वेळा स्कॅन घेतलं. मग तो म्हणाला, आता हसा. मी मोठं हसले, तेही घेतलं. तीन स्कॅन एकमेकांवर ठेवून त्यांनी पडद्यावर दाखवली. जुळतं तिथे हिरवं, चुकतं तिथे लाल. माझं अख्खं डोकं हिरवंगार. मला एवढा आनंद झाला जसा काही मी परीक्षेत पहिला नंबर काढला.

प्लेट आली. आत बसली ती घट्ट. पाणी प्यायले, नाकातून एक थेंब नाही. "माझं नाव सेलीन," मी मोठ्याने म्हणाले, आणि माझा आवाज माझ्याच तोंडातून आला. डॉक्टरांनी आरसा पुढे धरला. आरशात दोन्ही गाल सारखे, अगदी सारखे. मी सगळ्यांना थँक यू म्हटलं, त्या मुलाला, सिस्टरला, दारातल्या सफाईवाल्याला. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, मी त्यांच्याकडे बघून हसत होते. मी बाहेर आले.

*

घरी आल्यावर चहा केला. पहिला घोट डाव्या कोपऱ्यातून सांडला. वाटलं, सवय नाही, होईल. सकाळी उशी पुन्हा ओली. तोंड पुन्हा कोरडं. त्या बाजूच्या गालाला अजून नीट जाणीव नाही, त्यामुळे तिथे काय चाललंय मला कळायचं नाही. बोट लावून बघितलं तर डावीकडे ओठ उघडाच. म्हटलं, नवीन चप्पल चावते, तसं असेल.

दोन दिवसांनी आम्ही जेवायला बसलो असताना विल्सनला वसईहून फोन आला. त्याचे पास्कूकाका गेले. काका म्हणजे त्याला बापाच्या जागी. आम्ही बहारिनला यायला निघालो तेव्हा आमच्या बॅगा डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत आलेला माणूस. विल्सनने फोन खाली ठेवला, मला सांगितलं. मी चमचा खाली ठेवला. नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

तो म्हणाला, "हसतेस काय गं?"

"कोण हसतंय?"

"तू. हसतेयस तू, सेलीन."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला होता. ऑपरेशनने माझ्या डोक्यावर परिणाम झालाय की काय असं त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मी उठून बाथरूमच्या आरशापुढे गेले. पहिल्यांदा नेहमीप्रमाणे नीटच दिसलं, कारण आरशापुढे तोंड पाडून कोण उभं राहतं? मग काका आठवले आणि चेहरा पडला. पडला तो अर्धाच. उजवी बाजू खाली आली. डावी होती तिथेच राहिली, गाल वर, ओठाचा कोपरा वर.

मी हाताने उजवी बाजू झाकली. डावीकडे जी बाई दिसली तिला मी लगेच ओळखलं. ती हॉटेलवाली. ओठ जरासे उघडे, कोपरा वर, मान तिरकी. वेलकम सर, हाउ वॉज युअर फ्लाइट.

मी अ‍ॅनिसाला हाक मारली. किती दिवसांनी ती माझ्या तोंडाकडे नीट बघत होती. मी उजवी बाजू झाकून तिला दाखवलं. ती दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, "ममा, यू लुक लाइक यू आर चेकिंग समवन इन."

मेली ती यंत्रं! तिन्ही वेळा मी त्या कॅमेऱ्यापुढे माझं रिसेप्शनचं तोंड करून बसले होते. मला पत्ताच नाही. इंग्रजीतून "रिलॅक्स, मॅडम" असं कुणी म्हटलं की माझं रिलॅक्स म्हणजे तेच. त्या तोंडाचा उजवा गाल त्यांनी उलटा करून डावीकडे बसवला, मग तिथला ओठ मिटणार कसा? मी हसले की दोन्ही बाजू जुळतात आणि क्लिनिकमध्ये मी हसतच असते, म्हणून तिथे कुणालाच चूक दिसली नाही. माझं अर्धं तोंड घरी आलं होतं आणि अर्धं कायमचं ड्यूटीवर.

*

मी म्हटलं, राहू दे.

पुन्हा फोन करायचे, पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा कुणाच्या तरी समोर तोंड वासायचं. पाणी नाकातून येत नाही, बोलता येतं, आणखी काय पाहिजे? किती लोकांना एवढंही मिळत नाही. मी विल्सनला हे सगळं समजावून सांगितलं आणि सांगताना माझी डावी बाजू छान हसत होती.

"राहू दे म्हणू नकोस," विल्सन म्हणाला. "काकांसाठी रडताना तू हसत होतीस. उद्या मला काही झालं तर?"

"गप रे. काय बोलतोस?"

"ती बाई हॉटेलला ठेव. मला घरात नको."

असं तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मी फोन लावला.

डॉक्टर मरियमनी शांतपणे ऐकून घेतलं, पण पटलं नाही त्यांना. पडदा माझ्याकडे वळवला. पुन्हा ते हिरवंगार डोकं. तीन स्कॅन, तिन्ही तंतोतंत जुळतायत, मग चूक कशी असेल?

मी म्हटलं, "डॉक्टर, तीन वेळा तेच खोटं सांगितलं तर ते खरं होतं का? यंत्राने बरोबर मोजलं. मीच चुकीचं तोंड दिलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मी हे सांगतानाही, मला ठाऊक आहे, हसत होते. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाल्या, "जरा भिंतीकडे बघा. माझ्याकडे नको." उठून बाजूने माझा चेहरा बघितला. काही वेळाने "ओह" एवढंच म्हणाल्या.

पुन्हा स्कॅनरपुढे बसवलं. डॉक्टर म्हणाल्या, "'एम्मा' म्हणा, ओठ आपोआप मिटतील आणि मग सैल सोडा." मी 'एम्मा' असं काही म्हटलं की जणू एम्मा नावाची पाहुणी सामान घेऊन काउंटरला आलीय. डोळे मिटायला सांगितले. मिटून हसले. लांब श्वास घ्यायला सांगितलं. घेतला, सोडला, आणि तो मुलगा खिन्नपणे म्हणाला, "मॅडम, स्टिल स्मायलिंग." मला रडायला यायचं बाकी होतं. स्वतःचंच तोंड स्वतःला सापडेना.

शेवटी मीच म्हटलं, "माझ्या नवऱ्याला आत बोलवा. त्याच्यासमोर मी हसत नाही."

डॉक्टरांना तो विनोद वाटला. विनोद नव्हता.

विल्सन आत आला. त्याला यंत्राच्या मागे उभं केलं, मला त्याच्याकडे बघायला सांगितलं. "काहीतरी बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काही पण बोल. घरचं."

बिचारा डोकं खाजवत उभा. चार माणसांसमोर बायकोशी काय बोलायचं? मग एकदम त्याचा चेहरा बदलला. "अगं, ते बोंबील."

"कुठले बोंबील?"

"आईने पाठवलेले सुके. सकाळी बाल्कनीत टाकलेले उन्हात. तसेच राहिले."

"आणि बाल्कनीचं दार?"

"उघडंच राहिलं वाटतं. एसी पण चालू. मघाशी खालच्या वॉचमनचा, हारिसचा फोन आलेला. वरच्या मजल्यावरची बाई वासाने बोंबलतेय म्हणे. तो पण वैतागलाय. म्हटलं तुला नंतर सांगेन."

अशा वेळी बायको नवऱ्याकडे जसं बघते तसं मी बघितलं फक्त. प्रकाश माझ्या चेहऱ्यावरून गेला, परत आला, परत गेला.

"खलास! झालं!" तो मुलगा जवळजवळ ओरडलाच.

त्यांनी पडदा वळवला. राखाडी डोकं हळूहळू फिरलं. ओठ खाली आलेले, गाल उतरलेले, पापण्या जड, भुवयांच्या मध्ये आठी. ना लिपस्टिक, ना रंग, ना हसू. मी म्हटलं, "एवढी दमलेय मी?" विल्सन पडद्याच्या जवळ गेला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "हीच. हीच आहे."

मला वाईट वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. इतक्या दिवसांत मला सगळ्यांची दया आली होती, विल्सनची, अ‍ॅनिसाची, फोनवर रडणाऱ्या आईची. त्या पडद्यावरच्या बाईकडे बघून पहिल्यांदाच माझी स्वतःवर माया दाटून आली. म्हटलं, बस गं बाई, बस जरा.

*

तर सांगायचं ते एवढंच. तुमचा चेहरा मोजायची वेळ आली तर यंत्राची काळजी करू नका. ते समोर दिसेल ते इमानेइतबारे मोजतं. तुम्ही कुठलं तोंड घेऊन बसताय ते बघा. दुकानदार दुकानाचं तोंड घेऊन बसेल, शिक्षक वर्गातलं, आणि आपण बायका तर डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणूनच हसतो. घरचं एखादं माणूस सोबत न्या, ज्याच्यासमोर तुम्ही तोंड पाडून बसता. ते कुणाला दाखवायची लाज वाटू देऊ नका. तेच तुमचं.

बाकी, दर तपासणीच्या आधी अजून भीती वाटते. झोप लागत नाही, लागली तर उठवत नाही. हॉटेलवाले म्हणतात, आतल्या ऑफिसात या, बुकिंग बघा. बघू. अ‍ॅनिसा आता आमच्याबरोबर जेवते. परवा माझ्या ताटातला बोंबील तिने न विचारता उचलला.

दुसरी प्लेट बसवल्यानंतरच्या शुक्रवारी, इथला सुट्टीचा वार तो, आम्ही चर्चमधल्या मिस्साहून परत आलो. मी बूटसुद्धा न काढता सोफ्यावर बसले. अ‍ॅनिसाने चहा आणून दिला. मी तो प्यायले, सांडला नाही. कप खाली ठेवला, ओठ मिटले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

विल्सन कपडे बदलून बाहेर आला आणि माझ्याकडे बघून दारातच थबकला.

"काय झालं? चिडलीस का?"

"नाही रे," मी म्हटलं. "नुसती बसलेय."